जुन्या फ्लॅटचं किचन नवीन करायचंय, मॉड्युलरवाला बरा की सुटी माणसं?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या २५ वर्षं जुन्या फ्लॅटचं किचन तोडून नवीन करायचंय, तर सगळं एकाच मॉड्युलरवाल्याला (फॅक्टरीत बनवलेले कपाटांचे बॉक्स आणून बसवणारा) द्यावं की सुतार, प्लंबर, ग्रॅनाईटवाला असे वेगवेगळे धरावेत, आणि न फसवणारा माणूस ओळखायचा कसा. मी दोन वर्षांपूर्वी कोथरूडला यातून गेलोय, आधी फसलो मग सावरलो, त्यामुळे थोडं लांबेल पण सांगतो.

आधी ओळखायचं कसं ते. कोणी पण आला की मोबाईलमधले फोटो दाखवतो, ते बघूच नका, नवीन किचन सगळ्यांचंच चकचकीत दिसतं. त्याला म्हणायचं तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं एक काम दाखवा. आणि तिथे गेल्यावर शटरचा, म्हणजे कपाटाच्या दाराचा कलर वगैरे राहू द्या, सरळ सिंकखालचं दार उघडून खाली वाकून बघायचं. तळ फुगलाय का, लॅमिनेटची कड सुटलीय का, कुबट वास येतोय का. किचन मरतं ते पाण्याने आणि ते मरायला सुरुवात तिथूनच होते. मी पाच जणांना विचारलं, त्यातल्या दोघांनी जुनं काम दाखवलं, एक म्हणाला क्लायंट गावाला गेलेत, आणि उरलेल्या दोघांचा परत फोनच आला नाही. अर्धी निवड तिथेच झाली.

आता गंमत म्हणजे हे शहाणपण मला नंतर सुचलेलं आहे. पहिला जो धरला होता तो सोसायटीतल्याच एकाने सांगितलेला, बोलायला एकदम गोड, "काका तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळं माझ्यावर सोडा". कोटेशन एका ओळीचं, 'किचन कंप्लीट विथ मटेरियल' आणि खाली आकडा. ५० टक्के ॲडव्हान्स घेतला, दोन दिवसात ओटा तोडला, राडारोडा पॅसेजमध्ये टाकला, सेक्रेटरीशी माझं भांडण लावलं आणि मग गणपतीत जो गायब झाला तो तीन आठवडे. हॉलमध्ये टीपॉयवर इंडक्शन ठेवून स्वयंपाक, भांडी बाथरूममध्ये, आणि आईचे टोमणे वेगळे. परत आला तेव्हा प्लाय घेऊन आला तो बघितला तर कुठलाच मार्क नाही. तिथेच थांबवला, काही पैसे गेले ते गेले.

त्यामुळे कोटेशन. त्यात बॉक्स (आतलं कपाट) कशाचा आणि शटर कशाचं हे वेगवेगळं लिहून घ्या. 'मरीन प्लाय वापरतो' असं सगळेच म्हणतात, पण ते बऱ्याचदा फक्त शटरपुरतं असतं, आतला बॉक्स एमआर प्लायचा (हा नुसता दमटपणा झेलतो, पाणी नाही) नाहीतर पार्टिकल बोर्डचा, म्हणजे दाबलेल्या भुशाचा. आयएस ३०३ म्हणजे जनरल वापराचा प्लाय, आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा. हा नंबर आयएसआय मार्कच्या वर छापलेला असतो आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते दिसतं. नुसता '७१०' असा शिक्का मारायला काय, कोणी पण मारेल. ७१० चा प्लाय लॅबमध्ये ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. हे आईला सांगितलं तर तिने दोन दुकानांतून आणलेले सॅम्पलचे तुकडे जुन्या पातेल्यात टाकून सकाळपासून उकळत ठेवले, घरभर लाकडाचा वास, पण दुपारी एकाचे थर पानं सुटावीत तसे सुटले आणि दुसरा जसाच्या तसा. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन त्या दुसऱ्याच्याच शीट घेतल्या. तिथे सुताराला बरोबर घेऊन जा पण बिल तुमच्या नावाने आणि पैसे तुमच्या हाताने द्या, कारण सुताराने आणलेल्या गिऱ्हाईकामागे दुकानदार त्याला कमिशन देतो. हे काही मोठं पाप नाहीये, पण ते कोणाच्या खिशातून जातंय ते आपल्याला माहीत पाहिजे.

दुसरी गोष्ट माप. मॉड्युलरवाले रनिंग फुटात, म्हणजे ओट्याच्या लांबीवर रेट सांगतात. समजा तुमचा ओटा एल शेपचा आहे, एक भिंत १० फूट, दुसरी ६ फूट. तो सरळ १६ फूट लावतो. पण ओटा २ फूट खोल असला तर कोपऱ्यातले ते २ फूट दोन्हीकडून मोजले गेले, खरं माप १४ होतं. आणि कोपऱ्यात धड ट्रॉली (ओढून बाहेर घ्यायचा स्टीलचा खण) पण बसत नाही. हे मी कागदावर काढून दाखवलं तर समोरचा हसला आणि म्हणाला सगळेच असं मोजतात. मोजू देत की, पण मग रेट कमी करा. ग्रॅनाईटवाल्याचं पण तसंच, तो अख्ख्या स्लॅबचे पैसे लावतोय की बसलेल्या ओट्याचे, मोल्डिंग (कड गोल करणं) आणि सिंकचं कटिंग धरलंय का वेगळं, हे आधी विचारा. काळा ग्रॅनाईट घेत असाल तर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मागच्या कोपऱ्यात घासा, कापूस काळा झाला तर दगडाला रंग लावलाय. मी घासत होतो तेव्हा दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होतं.

ट्रॉल्यांच्या स्टीलला लोक चुंबक लावून बघतात त्याचा उपयोग नाही. हलक्या २०२ ग्रेडच्या स्टीलला पण चुंबक धड चिकटत नाही आणि चांगल्या ३०४ ला पण नाही. त्यापेक्षा बिलावर ३०४ लिहून मागा, ज्याचा माल खरा आहे तो लिहून देतो. ३०४ आणि २०२ ओळखायचं टेस्टिंग केमिकल मिळतं, एक थेंब टाकून रंग बघायचा असतो, मोठ्या ट्रॉलीवाल्यांकडे ते असतं, करून दाखवा म्हणायचं. बिजागऱ्या आणि चॅनल (ट्रॉली सरकते त्या पट्ट्या) मात्र हेटिच, एब्को असे नावाचेच घ्या, तिथे काटकसर नको, दिवसातून ५० वेळा उघडझाप होते.

आता तुमचा मूळ प्रश्न, एकच माणूस की सुटे. घरात दिवसभर थांबणारं कोणी नसेल तर एकच द्या, महाग पडेल पण भानगड एकाशीच. कोणी घरी असेल तर मी सुटे म्हणेन, कारण आपल्याकडची जुनी पद्धत अजून पण मला भारी वाटते, ती म्हणजे ओटा कडाप्प्याच्या उभ्या पट्ट्यांवर घ्यायचा आणि त्या खणांमध्ये स्टीलच्या ट्रॉल्या बसवायच्या. लाकूड फक्त पुढच्या शटरला. सिंकखाली प्लायचा बॉक्सच नाही तर फुगणार काय? मॉड्युलरवाले याला नाही म्हणतात, त्यांचा फॅक्टरीतला बॉक्स खपत नाही ना. मी हे ज्याला सांगितलं आणि जो स्वतःहून म्हणाला "सिंकखाली प्लाय नकोच साहेब", त्याच राजस्थानी सुताराला काम दिलं. तो माणूस कमी बोलायचा, पण आधी प्लंबरचं होऊ द्या, नळ चालवून दोन दिवस बघू, मग माझं माप, असं म्हणाला. क्रम कळतो तो माणूस चांगला. इलेक्ट्रिशियनला पण फरशी लागायच्या आत बोलवा, ओव्हन, मिक्सर, प्युरिफायर, पुढेमागे डिशवॉशर असे सगळे पॉइंट मोजून. एमएनजीएलची (पाइपने गॅस देणारी कंपनी) पाइपलाइन असेल तर ती हलवायला त्यांच्याकडेच आधी अर्ज करा, प्लंबरला हात लावू देऊ नका.

फरशीचं फार सांगण्यासारखं नाही, जमिनीला मॅट फिनिशची घ्या एवढंच.

दिवाळीच्या तोंडावर काम सुरू करू नका. सगळं पुणं तेव्हाच काम काढतं आणि नेमके सुतार तेव्हाच गावाला जातात.

पैशाचं मी असं ठेवलं होतं: मटेरियल माझं, त्यामुळे ॲडव्हान्स लेबरच्या १० टक्के, मग शटर बसली की, मग लॅमिनेट लागलं की, असं टप्प्याटप्प्याने. शेवटचे १० टक्के एक महिना वापरून झाल्यावर द्यायचे हे पहिल्याच दिवशी बोलून घेतलं होतं. त्याने जरा कुरकुर केली, पण मान्य केलं. महिन्याने फोन केला तर संध्याकाळी आला, दोन बिजागऱ्या घट्ट केल्या, एक ट्रॉली घासत होती ती सरळ केली, चहा घेतला आणि पैसे घेऊन गेला.