पोर्टफोलिओचा अभ्यास सहसंबंधापासून सुरू करावा
पहिल्या सत्रात शेअर निवडण्याची घाई न करता आपण सहसंबंधाची, म्हणजे दोन शेअरचे परतावे किती प्रमाणात एकत्र वर-खाली होतात या मापाची, गणिते हाताने सोडवावीत, कारण अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेला पोर्टफोलिओ (गुंतवणूकसंच) सिद्धान्त त्यावरच उभा आहे. प्रत्येकी २० टक्के प्रमाण विचलन (परतावा सरासरीपासून किती ढळतो याचे माप) असलेल्या दोन शेअरमध्ये निम्मी-निम्मी रक्कम गुंतवली आणि त्यांचा सहसंबंध शून्य असला, तर एकत्रित विचलन सुमारे १४.१ टक्क्यांवर येते. सहसंबंध १ असला, तर ते २० टक्केच राहते. हा फरक स्वतः काढून पाहिल्यावरच मला विषय खऱ्या अर्थाने उमगला. बीटा, म्हणजे बाजाराच्या हालचालीबरोबर शेअर किती हलतो याचे माप, त्यानंतर सोपा जातो. मात्र संकटकाळात सहसंबंध बहुधा वाढतात, म्हणून जुन्या आकड्यांवरून काढलेल्या भारांवर (प्रत्येक शेअरमधील रकमेच्या वाट्यांवर) पूर्ण विसंबू नये. अपेक्षित परताव्याच्या अंदाजात किंचित बदल करून ते भार किती हलतात, हे प्रत्येक वेळी तपासावे.