वाचकांचे प्रश्न : मॉड्यूलची सेटिंग रीस्टार्टनंतर का टिकत नाही?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. गाणे सुरू करताना, आणि ते थांबल्यावर काही सेकंदांनी, स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. ध्वनीच्या मॉड्यूलमधील ‘पॉवर_सेव्ह’ ही सेटिंग शून्य करावी, असा सल्ला मिळाला. ‘सुडो एको’ने ती बदलू पाहिली, तेव्हा परवानगी नाकारल्याचा संदेश आला. रूट होऊन बदलली, तेव्हा आवाज थांबला. परंतु लॅपटॉप रीस्टार्ट करताच पुन्हा सुरू झाला. सेटिंग कायमची कशी करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला मिळालेला सल्ला योग्य आहे. मॉड्यूल म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, अर्थात कर्नेलला, गरजेनुसार जोडला जाणारा भाग. ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ या मॉड्यूलमधील ‘पॉवर_सेव्ह’चा आकडा सेकंदांत असतो. तेवढे सेकंद शांतता राहिली की वीज वाचवण्यासाठी ध्वनीची चिप झोपवली जाते, आणि ती झोपताना व जागी होताना आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ होतो. शून्य म्हणजे ही बचत बंद. इतर वाचकांनी मात्र आधी ‘एलएसमॉड’ कमांड देऊन हेच मॉड्यूल चालू असल्याची खात्री करून घ्यावी, कारण अलीकडच्या काही लॅपटॉपवर ध्वनीचे काम दुसरे मॉड्यूल पाहते. मॉड्यूल कोणकोणत्या सेटिंग स्वीकारते, हे ‘मॉडइन्फो -पी’ आणि पुढे मॉड्यूलचे नाव दिल्यास कळते. (कमांड येथे देवनागरीत छापल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्याव्यात.)

परवानगी का नाकारली गेली, हे आधी पाहू, कारण येथे बहुतेक जण अडखळतात. रूट म्हणजे सर्वाधिकार असलेले खाते; सुडो एका कमांडला तो अधिकार देते आणि एको दिलेला मजकूर छापते. ‘सुडो एको ० > फाइल’ या ओळीत सुडोचा अधिकार फक्त एकोला मिळतो. ‘>’ या चिन्हापुढची फाइल उघडण्याचे काम शेल, म्हणजे टर्मिनलमधील कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, करते, आणि शेल अजून आपल्या साध्या खात्यातूनच चालत असते. म्हणून ‘एको ० | सुडो टी’ असे लिहून पुढे ‘/सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह’ हा मार्ग द्यावा. येथे मिळालेला मजकूर फाइलमध्ये लिहिणारी ‘टी’ (tee) ही कमांड फाइल उघडते आणि तिच्याकडे रूटचा अधिकार असतो, त्यामुळे एवढ्याशा कामासाठी पूर्ण रूट होण्याची गरज उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘/सिस’मध्ये दिसणाऱ्या फाइली डिस्कवर नसतात, चालू कर्नेलची त्या क्षणीची स्थिती तेथे फाइलींच्या रूपात दाखवलेली असते. तेथे लिहिलेला आकडा लगेच लागू होतो, पण मॉड्यूल पुन्हा लोड झाले की पुसला जातो. कायमची सेटिंग ‘/इटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. तेथे सुडोने एक नवी फाइल करून तिच्यात ‘ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०’ एवढी एकच ओळ लिहावी. फाइलचे नाव काहीही चालेल, मात्र त्याच्या शेवटी ‘.कॉन्फ’ हवेच, ते नसेल तर मॉड्यूल लोड करणारी मॉडप्रोब ही कमांड ती फाइल वाचत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा सोडू नये. सेटिंगचे नाव चुकले तर मॉड्यूल निमूटपणे लोड होते आणि ‘अननोन पॅरामीटर’ दुर्लक्षित केल्याची नोंद फक्त कर्नेलच्या लॉगमध्ये पडते, म्हणून रीस्टार्टनंतर ‘सुडो डीमेसेज’ (dmesg) देऊन तो लॉग पाहण्याची सवय चांगली.

यानंतर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ ही कमांड द्यावी, असे सर्रास सांगितले जाते. डिस्क किंवा ग्राफिक्सची मॉड्यूल संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या छोट्या प्रतिमेतूनच (इनिट्रॅमएफएस) लोड होऊ शकतात, म्हणून त्यांच्यासाठी ती प्रतिमा नव्याने बनवणारी ही कमांड आवश्यक आहे. ध्वनीच्या मॉड्यूलसाठी सहसा तिची गरज पडत नाही, पण दिल्याने बिघडतही नाही.

एवढे करूनही आकडा बदललेला दिसला, तर संशय टीएलपीवर घ्यावा. बॅटरी वाचवणारा हा प्रोग्राम बसवलेला असेल, तर तो मॉड्यूल लोड झाल्यानंतर स्वतःचा आकडा लिहितो आणि आपली ‘.कॉन्फ’ फाइल बिनचूक असूनही निरुपयोगी ठरते. रीस्टार्ट झाल्यावर ‘कॅट’ या फाइल दाखवणाऱ्या कमांडने ‘/सिस’मधील वरच्या मार्गावरील आकडा वाचावा, मग चार्जर काढून पुन्हा वाचावा. टीएलपी असेल तर ‘/इटीसी/टीएलपी.कॉन्फ’मध्ये ‘साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन_एसी’ आणि ‘साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन_बॅट’ या दोन्ही सेटिंग शून्य कराव्यात. एकच बदलली तर ‘टक्’ चार्जर लावलेला असताना बंद आणि बॅटरीवर चालू, किंवा याच्या उलट, असा घोळ होईल.

प्रश्न : मॉडप्रोबच्या फाइलमध्ये ग्राफिक्स मॉड्यूलची चुकीची सेटिंग लिहिल्यास आणि त्यानंतर पडदा काळाच राहिल्यास काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : संगणक सुरू होताना ग्रबचा (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणावा, उबुंटूच्या नोंदीवर ‘ई’ हे अक्षर दाबावे आणि ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=’ व त्याला जोडून मॉड्यूलचे नाव लिहावे. कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबल्यावर संगणक ते मॉड्यूल आपोआप लोड न करता सुरू होईल. पडद्याची गुणवत्ता कमी असेल, पण फाइल दुरुस्त करण्यापुरते काम भागते. ग्रबमध्ये अशा प्रकारे लिहिलेले शब्द त्या एका वेळेपुरतेच असल्याने ते नंतर काढावे लागत नाहीत. ‘.कॉन्फ’ फाइलमधील ओळ सुधारून किंवा पुसून, या वेळी मात्र ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ न विसरता देऊन, मगच रीस्टार्ट करावे.