इतक्या योजना असूनही गरीब घरातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या गरीबच का राहतात?

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. त्यामुळे ऊसतोड कामगारांच्या मुलांपुरतंच सांगतो.

तुम्ही म्हणता तशा योजना आहेतच. पोषण आहार, गणवेश, पुस्तकं, अंगणवाडी. पण हे सगळं गावात आहे, आणि मूल दिवाळीनंतर गावात नसतं. ऊस तोडणाऱ्यांची टोळी साखर कारखान्यावर गेली की परतते ती थेट गुढीपाडव्याच्या सुमारास. तोवर आई-बाप पहाटेपासून उसाच्या फडात, आणि नऊ-दहा वर्षांची पोर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसलेली. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवलं की तिकडच्या शाळेने दाखल करून घ्यायचं. कागदावर चोख! पण ती शाळेत गेली तर धाकट्याकडे बघणार कोण?

गरिबी चिकटून राहते ती उचलीमुळे. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, एका कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, आगाऊ रक्कम देतो, तीच उचल. दवाखाना, जुनं देणं यात ती संपते. हंगामात फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर, म्हणजे पुढच्या वर्षीही जाणं आलंच. २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. चांगलंच झालं, पण बाकी असलेल्या घरात ही वाढ आधी मुकादमाच्या वहीत वळती होते.

त्यात मुलगी मोठी झाली की तिला कोपीवर नेण्याची भीती, आणि गावी ठेवायला कुणी नाही. मग लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होत्या, बीडमध्ये ४३ च्या वर. लग्न झालं की नवा कोयता, नवी उचल.

धोरणाचं विचाराल तर मला नवी योजना नकोच. हंगामी वसतिगृहात मूल गावातच राहतं, दोन वेळ जेवतं, शाळा बुडत नाही. हे चालतं, रोज बघतोय. घोडं अडतं ते तारखेवर. मंजुरी येईपर्यंत टोळ्या गेलेल्या असतात, आणि एकदा गाडीत बसलेलं पोर मधूनच परत येत नाही. दसऱ्याला वसतिगृह सुरू झालं पाहिजे.

सहा वर्षांखालची पोरं मात्र आईबरोबर जाणारच. त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावरच अंगणवाडी हवी. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहेच, पहिला खर्च त्यातून यावर व्हावा.