शहराच्या मध्यवस्तीत एकामागून एक टॉवर उठताहेत, याला प्रगती म्हणायचं का?

हा तुमचा प्रश्न वाचला, आणि तुमचं शहर मध्यम आकाराचं आहे असं त्यात होतं, म्हणून लिहायला बसलो. टॉवर किती उंच गेला ते सोडा. त्याच्या शेजारचे भूखंड भरले का, ते बघा.

महानगरात एक टॉवर भरला की दुसऱ्याला गिऱ्हाईक तयारच असतं. मध्यम शहरात घरांची, ऑफिसांची मागणी बेताची. चाळीस मजल्यांची एक इमारत उठली की तेवढ्याच घेराच्या पाचमजली आठ इमारती ज्यावर भरल्या असत्या, ती सगळी मागणी ती एकटी गिळते. तिला मिळालेलं चटईक्षेत्र (भूखंडावर बांधायची परवानगी असलेलं एकूण क्षेत्र) बघून, आपल्यालाही तेवढंच मिळेल म्हणून आजूबाजूचे जागामालक भाव धरून बसतात आणि तोवर मोकळ्या जागेत पैसे घेऊन गाड्या लावू देतात. लांबून फोटो झकास येतो. जवळ गेलात की एक टॉवर आणि भोवती नुसती पार्किंगची मैदानं.

नगररचनेच्या कामामुळे मी अशा इमारतींच्या पायथ्याशी बराच हिंडलोय. मला सगळ्यात खुपतात ते खालचे तीन-चार मजले. प्रत्येक घरामागे ठरावीक गाड्यांची सोय करण्याची सक्ती असली की ते मजले पार्किंगलाच जातात. फुटपाथवरून शंभर पावलं चाला, बाजूला जाळीची भिंत. ना दुकान, ना दार, ना खिडकीतला दिवा. अमेरिकेतल्या बफेलोने २०१७ साली किमान पार्किंगची ही सक्ती शहरभर काढून टाकली, आणि ते योग्यच केलं असं माझं ठाम मत आहे.

वाऱ्याचा विचार तर कुणाच्या गावीही नसतो. उंच भिंतीवर आदळलेला वारा सरळ खाली रस्त्यावर येतो. इंग्लंडमधल्या लीड्सला २००७ मध्ये ब्रिजवॉटर प्लेस हा ३२ मजली टॉवर पुरा झाला. २०११ मध्ये त्याच्या पायथ्याशी वाऱ्याने एक मालट्रक उलटला आणि त्याखाली सापडून एक पादचारी गेला. पुढे तिथे वारा अडवायला रस्त्यावर भलेमोठे आडोसे उभारावे लागले.

उंचीला माझा विरोध नाही. मध्यवस्तीत माणसं राहायला आली तर मला हवंच आहे. पण पुढच्या टॉवरच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि दोनच कागद मागा: तळमजल्याचा नकाशा आणि वाऱ्याच्या चाचणीचा अहवाल. नकाशात रस्त्याकडे उघडणारी दारं किती, ती मोजा.