नावं पाठ आहेत, उत्तर जमत नाही

प्रश्न : मी लातूरला एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर झेरॉक्सच्या दुकानात काम. राज्यघटनेच्या पेपरसाठी गाईडमधून खटल्यांची नावं, सालं पाठ केली. पण ‘संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येते का?’ असा प्रश्न आला की नुसती नावंच लिहिली जातात. काय करू, मॅडम?

उत्तर : गाईड थोडे दिवस मिटून ठेव आणि बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा निव्वळ मूळ मजकूर, उघड. कलम १३(२) म्हणतं, मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा राज्याने करू नये. कलम ३६८ घटनादुरुस्तीबद्दल आहे. मग घटनादुरुस्ती हा कलम १३ मधला ‘कायदा’ धरायचा का? वाद इथून सुरू होतो. तुझ्या प्रश्नाला मुख्यतः चार खटले लागतात, आणि चारही जमिनीतून निघालेत : जमीनदारी गेली, एकाकडे किती जमीन असावी याची मर्यादा घालणारे कमाल धारणेचे कायदे आले, मालक कोर्टात गेले.

शंकरी प्रसाद (१९५१) : नाही, दुरुस्ती हा तो ‘कायदा’ नव्हे, म्हणजे संसदेला मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येते. सज्जनसिंग (१९६५) : तेच उत्तर. इथे मात्र थांब, गाईड इथून एका ओळीत पुढे पळतं. पाच जणांच्या त्या पीठावर न्या. मुधोळकर होते. निकाल मान्य करूनही त्यांनी विचारलं, की घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर ती निव्वळ दुरुस्ती, की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणं? माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच, आणि मी वर्गात तो दरवर्षी फळ्यावर लिहिते. तो कळला की पुढचं पाठ करावं लागत नाही.

गोलकनाथ (१९६७) मध्ये सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने कोर्ट उलटं फिरलं : मूलभूत हक्कांना हात लावायचा नाही. संसदेने १९७१ मध्ये २४वी घटनादुरुस्ती करून उत्तर दिलं : मूलभूत हक्कांसह घटनेचा कुठलाही भाग आम्ही बदलू शकतो. मग २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती, तेरा न्यायमूर्ती. ‘केशवानंदने गोलकनाथ कायम केला’ असं पेपरात पुष्कळ मुलं लिहितात. ते चूक आहे. गोलकनाथ रद्द झाला. मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत संरचना, म्हणजे ती ज्यावर उभी आहे तो सांगाडा, मोडता येत नाही. मुधोळकरांच्या शंकेचं उत्तर आठ वर्षांनी मिळालं ते असं.

उत्तर लिहिताना प्रत्येक खटल्याआधी एक वाक्य घाल : आधीच्या निकालाने कोणता प्रश्न शिल्लक ठेवला? काल्पनिक प्रकरण देऊन विचारलं, समजा संसदेने ‘आमच्या दुरुस्त्या कोर्टाने तपासू नयेत’ अशी दुरुस्ती केली, तर मिनर्व्हा मिल्स (१९८०) घे. तिथे नेमकं हेच सांगणारी ४२व्या दुरुस्तीतली कलमं कोर्टाने रद्द केली.

केशवानंदचं अख्खं निकालपत्र वाचायला तुला आत्ता वेळ नाही. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यातलं न्या. खन्ना यांचं मत तेवढं वाच. सहा न्यायमूर्ती एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला होते. सात-सहाचं बहुमत त्यांच्या मतावर ठरलं.