गूढकोडं: अक्षर कुणाचं, काना कुणाचा?

प्रश्न (धरमपेठ): रविवारच्या गूढकोड्यात ‘वामन विस्कटला, माणूस दिसला (३)’ असं शोधसूत्र होतं. उत्तर ‘मानव’ छापलं. घरांत बसलं, पण पटलं नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर: चूक सूत्रकाराची आहे. गूढकोडं म्हणजे शब्दखेळात उत्तर दडवणारं शब्दकोडं: इथे ‘विस्कटला’ ही अक्षरांची अदलाबदल करायची खूण, ‘माणूस’ ही उत्तराची व्याख्या आणि कंसात उत्तराच्या घरांची संख्या. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, तेही काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर, म्हणून ‘चंद्र’ दोन घरांचा. ‘वामन’ची अक्षरं वा, म, न, ‘मानव’ची मा, न, व. इथे ‘व’चा काना काढून ‘म’ला डकवला आहे. इंग्रजी कोड्यात स्वराला स्वतःचं घर असतं, म्हणून तो कुठेही हलवता येतो. आपला काना व्यंजनाला बांधलेला आहे.

आता हे पाहा: ‘रजनी विस्कटली, कमळ उमललं (३)’. र, ज, नी हीच तीन अक्षरं जागा बदलून नीरज. ‘उमललं’ हा शब्दखेळ आणि व्याख्या जोडणारा नुसता सांधा आहे. काटेकोर मंडळी त्यालाही नाक मुरडतील, आम्हाला चालतो. मात्र ‘रात्र विस्कटली’ असं सूत्र दिलं तर तो अन्याय. आधी रात्रीचे समानार्थी शब्द धुंडाळायचे आणि मग त्यातला प्रत्येक विस्कटून बघायचा, याला अंत नाही. विस्कटायचा शब्द सूत्रात जसाच्या तसा दिसला पाहिजे. विभक्ती लागली की तोही बिघडतो: ‘वामनाचा’ म्हटलं की ‘न’चा ‘ना’ झाला. ‘नागपूर’चा दीर्घ ‘पू’ ‘नागपुरात’ म्हणताच ऱ्हस्व होतो. मराठी सूत्रं फसतात ती बहुतेक इथेच.

प्रश्न (महाल): सूत्र वाचलं की अर्थच लागत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: अर्थ लावायला जाऊच नका, तो चकवा असतो. उत्तराची सरळ व्याख्या जवळपास नेहमी सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते. आधी दोन्ही टोकं तपासा, मग कंसातला आकडा. ‘सापामागे नदीचा लोंढा, संत्र्यांचं शहर (४)’ यात शेवट ही व्याख्या. नाग आणि पूर जोडले की काम झालं.

उरलेल्या शब्दांत खूण शोधा. मोडलं, झिंगलं, विस्कटलं म्हणजे अक्षरांची अदलाबदल. परतलं, उलटलं म्हणजे मागून वाचा: ‘वेल उलटली की ठेका (२)’, लता आणि ताल. उभ्या शब्दात हेच काम ‘वर चढलं’ करतं. आडव्या शब्दात ही खूण वापरली असेल तर सूत्रकाराला पत्र लिहा. डोकं उडालं तर पहिलं अक्षर गाळा.

पोटात, दडलं, तिच्यात अशा खुणा दिसल्या तर ती सूत्रं सगळ्यांत आधी घ्या, कारण उत्तर तिथेच छापलेलं असतं. ‘एक मळकट पिशवी, तिच्यात चिखलातलं फूल (३)’: शब्दांमधली मोकळी जागा विसरून पहिले दोन शब्द सलग वाचा. कमळ!

अशी दोन-चार उत्तरं मिळाली की छेदाची, म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना कापतात ती घरं कामाला येतात. इंग्रजीत एका घराला २६ पर्याय. आपल्याकडे नुसती बाराखडी धरली तरी चारशेवर. म्हणून मराठीत पक्कं झालेलं एक अक्षर पुष्कळ पर्याय बाद करतं. पण ते चुकीचं असेल तर आडवा-उभा दोन्ही शब्द अडतात, तेव्हा शंका असेपर्यंत पेन्सिलच बरी.

प्रश्न (प्रतापनगर): इंग्रजी कोड्यात एका-एका अक्षराच्या ठरलेल्या खुणा असतात. मराठीत काय?

उत्तर: सरगम आहे की! षड्ज सा, ऋषभ रे, गंधार ग, मध्यम म, पंचम प, धैवत ध, निषाद नी. ‘सारात गंधार पडला, खारं पाणी (३)’: ‘सार’च्या पोटात ‘ग’ घातला की सागर.

प्रश्न (इतवारी): वैदर्भी शब्द कोड्यात चालतात का?

उत्तर: चालतात, सूत्रात प्रदेशाचा इशारा असेल तर. ‘पुण्यात इडलीबरोबर, इतवारीत जुडीने (३)’ म्हणजे सांबार, कारण नागपूरच्या इतवारीत कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ‘इतवारीत’ काढून टाकलं तर पुणेकराला कोथिंबीर सुचायची नाही, आणि तो तक्रार करेल ती रास्तच असेल.

प्रश्न (सदर): आम्ही चौघं रोज सकाळी बगिच्यात कोडं सोडवतो. एकजण उत्तर बोलून टाकतो, बाकीच्यांची मजा जाते. उपाय?

उत्तर: त्यांना उत्तर बोलायला बंदी, मदत करायची मुभा. मदतही पायरीपायरीने द्यायची: आधी व्याख्या कोणत्या टोकाला आहे एवढंच, मग सूत्राचा प्रकार, मग छेदाचं एक अक्षर. आणि उत्तर लिहिणाऱ्याने सूत्रातला प्रत्येक शब्द कशासाठी आला ते सांगायचं. ‘सरकारला द्यायचा हात (२)’ याला कुणी ‘लाच’ म्हटलं, तर ‘हात’ कुठे गेला विचारा. कर दोन्ही बाजूंनी बसतो.