‘भरपाई’ हा शब्द घेणाऱ्याच्या तोंडचा

प्रश्न असा आलाय : कॅनडातल्या मूळनिवासी मुलांना ज्या निवासी शाळांत डांबलं गेलं, त्याबद्दल तिथल्या सरकारने दिलेल्या पैशाला एका बातमीत ‘मोबदला’, दुसरीत ‘नुकसानभरपाई’, तिसरीत ‘क्षतिपूर्ती’ म्हटलंय. ‘रिपेरेशन’ला बरोबर शब्द कोणता? आणि त्या शाळांना ‘आश्रमशाळा’ म्हणावं का?

मोबदला तर नाहीच नाही. हे ऐकलं की माझं डोकं उठतं. त्या शब्दात अरबी ‘बदल’ उघड बसलाय, अदलाबदलीतला. रस्त्यात जमीन गेली, मोबदला मिळाला, ठीक. मराठवाड्यातला ‘मावेजा’ही याच जातीचा. तो ‘इवज’वरून आला, आणि आपलं ‘ऐवजी’ त्याचंच भावंड. पण सहा-सात वर्षांचं पोर आईपासून तोडलं, केस कापले, नाव काढून नंबर दिला, घरची भाषा बोललं म्हणून चोपलं, त्याचा मोबदला? कोणी काय विकायला काढलं होतं?

‘क्षतिपूर्ती’बद्दल एवढंच की ‘नुकसान’ अरबी म्हणून ज्यांना खुपतं त्यांनी ती खुशाल वापरावी. बाजारात, कोर्टात, शेताच्या बांधावर मला ती अजून कोणाच्या तोंडून ऐकू आलेली नाही.

राहिली भरपाई, आणि खरी गंमत इथेच आहे. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ठणकावून सांगितलं होतं की यातली ‘पाई’ म्हणजे नाणं, पै न् पै भरली ती भरपाई. साफ चूक. ही पाई ‘पावणे’च्या घरची, संस्कृत ‘प्राप्’ची नात. देव पावतो तो याच धातूने आणि पैसे मिळाल्यावर आपण फाडतो ती ‘पावती’ही त्याचीच. (दारात येणाऱ्या पावण्यांना यात ओढू नका, ते ‘प्राघूर्ण’वरून आलेले, वेगळ्या घरचे.) जुने कोश उघडा. भरपाईचा एक अर्थ ‘सगळं येणं मिळाल्याची पावती’ असा दिलेला सापडेल. म्हणजे हा शब्द मुळात देणाऱ्याचा नव्हेच. घेणारा म्हणतो, ‘भरून पावलो.’ आणि मराठी माणूस ‘भरून पावलो बाबा!’ कधी म्हणतो ते काय सांगायला हवं? कंटाळल्यावर, कोपरापासून हात जोडून.

आता रिपेरेशन बघा. लॅटिनमधून आलेला, आपण घड्याळ ‘रिपेअर’ला टाकतो त्याच्याच कुळातला. ज्याने मोडलं त्याने दुरुस्त करायचं, कर्ता तो. भरपाईत कर्ता घेणारा. माझं म्हणणं, कोणाला पटो न पटो, असं आहे की कॅनडात 2006 साली सरकार आणि या शाळांतले माजी विद्यार्थी यांच्यात जो करार झाला त्याला म्हणूनच रिपेरेशनपेक्षा आपला शब्द जास्त चपखल बसतो. करार 2007 च्या सप्टेंबरात लागू झाला. शाळेतल्या पहिल्या वर्षाचे 10,000 डॉलर, पुढच्या दर वर्षाचे 3,000. लैंगिक आणि गंभीर शारीरिक अत्याचारांसाठी वेगळी सुनावणी होती आणि तिथे गुणांचा तक्ता होता : काय केलं गेलं त्याचे इतके गुण, आयुष्यावर काय परिणाम झाला त्याचे इतके, गुणांच्या बेरजेवर रक्कम. आणि ठरलेल्या मुदतीत जो करारातून बाहेर पडला नाही, त्याचा त्या शाळांबद्दल पुन्हा दावा लावायचा हक्क गेला. भरून पावलो, सही.

याला आपल्याकडे अस्सल शब्द होता : फारखती. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा, आणि ‘खत’ म्हणजे कागद. कर्ज फिटल्यावर सावकाराने लिहून द्यायचा कागद तो. नवरा-बायकोची ‘फारकत’ म्हणजे तोच कागद, तोंडात झिजलेला. तिला ‘फरक’शी जोडणाऱ्यांनी जरा जुनी खतं चाळावीत, त्यांत ‘ख’ अजून शाबूत आहे. माझं चाललं तर त्या 2006 च्या कराराला मी ‘फारखतनामा’ म्हणेन. फरक एवढाच की आपल्याकडे सावकार फारखती देई तेव्हा त्याचा पैसा खरोखरच फिटलेला असे.

इथे न फिटलेलंही बरंच होतं. दिवसा शाळेत आणि रात्री घरी अशी जी मुलं होती, ती या करारात नीट बसलीच नाहीत. त्यांना 2012 मध्ये वेगळा दावा लावावा लागला, आणि माणशी 10,000 डॉलर ठरायला 2021 उजाडलं. भाषा गेली तिचं काय, हा प्रश्न तर माणशी हिशोबात मावणाराच नव्हता. त्याच दाव्याच्या दुसऱ्या भागात, 2023 मध्ये, 325 मूळनिवासी समुदायांसाठी 2.8 अब्ज डॉलरचा विश्वस्त निधी मंजूर झाला, भाषा आणि संस्कृती पुन्हा उभी करण्यासाठी. याला मात्र रिपेरेशन म्हणा, माझी हरकत नाही. इथे खरंच काहीतरी दुरुस्तीला काढलंय. मराठीत सरळ ‘भाषा-संस्कृतीच्या पुनरुभारणीचा निधी’ लिहावं.

जाता जाता, ‘दिलगिरी’ आणि ‘माफी’ यांचीही बातम्यांत खिचडी होते. दिलगिरी म्हणजे फारसीत धरलं गेलेलं काळीज, वाईट वाटणं. 1998 मध्ये कॅनडाच्या मंत्र्यांनी निवेदन केलं, ती फार तर दिलगिरी. 11 जून 2008 ला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत उभं राहून मागितली ती माफी. यात दहा वर्षांचं अंतर आहे, ते एका शब्दात पुसू नका.

हां, आश्रमशाळा. नको. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपल्या आदिवासी विकास विभागाची शाळा येते. कॅनडातल्या त्या 139 शाळा बहुतेक चर्चने चालवलेल्या, सरकारच्या पैशावर. 1920 च्या कायदादुरुस्तीने मुलांना पाठवणं सक्तीचं झालं, आणि सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. ‘निवासी शाळा’ पुरे.